मिरचीचे नवे वाण आणि पानातली खूण
(शेती कार्यक्रमातून सांगितलेले भाषण)



मिरचीचं बियाणं घ्यायला दुकानात गेलं, की पुडीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसतं, 'रोगप्रतिकारक वाण'. पुडी लहान आणि किंमत भारी. आपण विश्वासाने घेतो, गादीवाफ्यावर रोप करतो, लागण करतो. महिना-सव्वा महिना पीक डोलतं. मग शेंडे आखडायला लागतात, पानं चुरडतात, झाड खुजं राहतं. अशा वेळी मनात येतं, की या वाणाच्या अंगात रोगाला तोंड देण्याची ताकद खरोखर होती, की ती नुसती पुडीवर छापलेली होती?

अलीकडे या बोलण्यात आणखी एक शब्द आला आहे, 'मार्कर'. हे बियाणं मार्कर वापरून तयार केलेलं आहे, असं सांगितलं जातं. हा शब्द ऐकून कोणी भुलून जातो, तर कोणी बिचकतो. दोन्ही नको. मार्कर म्हणजे काय, त्याने पैदासकाराचं कोणतं काम सोपं होतं, आणि कोणतं काम तुमच्या-आमच्या शेतातच व्हावं लागतं, एवढं आज समजून घेऊ.

जुनी रीत आणि तिची अडचण

मिरचीचे चांगले वाण पूर्वीही निघाले. आपल्या माहितीची 'पुसा ज्वाला' घ्या. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने एन.पी. ४६-ए आणि पुरी रेड या दोन मिरच्यांचा संकर केला आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांतून निवड करीत ज्वाला काढली. रीत साधी आहे. एका झाडात एक गुण, दुसऱ्यात दुसरा. दोघांचा संकर करायचा, पुढच्या पिढीत शेकडो झाडं लावायची आणि ज्यात दोन्ही गुण उतरले ती झाडं निवडायची.

यात अडचण निवडीची आहे. फळाची लांबी, रंग, घोस हे डोळ्यांना दिसतं. रोगाला तोंड देण्याची ताकद मात्र रोग आल्याशिवाय दिसत नाही. पैदासकाराने हजार झाडं लावली आणि त्या वर्षी पांढरी माशी कमी पडली, तर हजारही झाडं हिरवीगार राहतात. झाड निरोगी दिसतं ते दोन कारणांनी. एक तर त्याच्या अंगात ताकद आहे म्हणून, नाही तर रोग त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही म्हणून. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पैदासकार फसतो तो इथे, आणि बियाणं धरताना आपणही फसतो ते इथेच.

खूण म्हणजे काय?

प्रत्येक झाडाच्या प्रत्येक पेशीत त्याच्या वंशाची पोथी असते. मिरचीत ही पोथी गुणसूत्रांच्या १२ जोड्यांमध्ये लिहिलेली आहे. जोडीतलं एक गुणसूत्र आईकडून येतं, दुसरं बापाकडून. त्यावर चार अक्षरांच्या लिपीत सगळे गुण लिहिलेले असतात. एकेका गुणाचा जो मजकूर, त्याला जनुक म्हणतात. मिरचीची पोथी फार मोठी, सुमारे साडेतीनशे कोटी अक्षरांची आहे. ती बरीचशी वाचून शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केली.

आता एवढ्या पोथीत हवा तो मजकूर शोधायचा कसा? त्यासाठी खूण लागते. जनुकाच्या अगदी जवळ, किंवा जनुकाच्या आतच, अक्षरांचा असा एक तुकडा शोधतात, की जो ताकदवान झाडात एक प्रकारचा आणि कमजोर झाडात दुसऱ्या प्रकारचा असतो. तो तुकडा म्हणजे जनुकीय खूण, म्हणजेच मार्कर.

वारीचं उदाहरण घ्या. दिंडीत खांद्याला खांदा लावून चालणारे दोन वारकरी गर्दीत सहसा वेगळे होत नाहीत. एक दिसला की दुसरा जवळच आहे असं समजावं. पण एक दिंडीच्या पुढे आणि दुसरा शेवटी असेल, तर एकाला पाहून दुसऱ्याची खात्री देता येत नाही. खूण आणि जनुक यांचंही तसंच. दोन्ही जवळ असली तर पिढ्यान् पिढ्या बरोबर उतरतात. दूर असली तर मध्येच ताटातूट होते. खुणेचं अंतर सात एककं असेल, तर एका पिढीत शंभरातली साधारण सात झाडं खुणेवरून चुकीची ओळखली जातात. म्हणून खूण जितकी जवळची, तितकी ती भरवशाची.

प्रयोगशाळेत काय करतात?

रोप तीन-चार पानांचं झालं, की त्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधतात आणि पानाचा नखाएवढा तुकडा घेतात. रोपाला त्याने काही होत नाही. तुकडा कुटून त्यातला वंशाचा धागा वेगळा काढतात. यंत्रात घालून खुणेच्या तेवढ्याच भागाच्या लाखो नकला करतात. मग त्या पाहता येतात, कधी काचेसारख्या थरावर उमटलेल्या रेघांच्या रूपात, तर कधी यंत्रच सांगतं. कोणत्या रोपात हवी ती खूण आहे, हे लागणीच्या आधीच कळतं. फूल, फळ, रोग यांची वाट बघावी लागत नाही.

यातून काय वाचतं ते हिशेबाने बघू. समजा, पैदासकाराला दोन रोगांची ताकद एका वाणात आणायची आहे, आणि दोन्ही गुण दबके आहेत. दबका गुण म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, एकाकडूनच आला तर झाकून राहणारा. संकराच्या दुसऱ्या पिढीत असा एक गुण चारांत एका झाडात दिसतो. दोन्ही गुण एकत्र सोळांत एका झाडात. म्हणजे ४०० रोपांमध्ये साधारण २५ रोपं कामाची. पूर्वी चारशेही लावावी लागत, सांभाळावी लागत आणि दोन्ही रोग येण्याची वाट बघावी लागे. आता ती २५ रोपं रोपवाटिकेतच वेगळी काढून तेवढीच लावता येतात.

वाण आपलंच, ताकद दुसऱ्याची

सर्वांत मोठा फायदा आणखी वेगळा आहे. रोगाला तोंड देणारी मिरची पुष्कळदा बारीक फळाची, बाजारात न चालणारी असते. तिचा संकर आपल्या संकेश्वरीशी केला, असं समजा. पहिल्या पिढीत अर्धा वंश संकेश्वरीचा आणि अर्धा त्या बारीक मिरचीचा. बाजारात ही मिरची कोण घेणार? म्हणून ती परत परत संकेश्वरीशीच संकरित करायची. एकदा केली की संकेश्वरीचा वंश ७५ टक्के होतो, दोनदा केली की साडेसत्याऐंशी टक्के, तीनदा केली की जवळजवळ ९४ टक्के. सहा वेळा केल्यावर तो ९९ टक्क्यांवर जातो.

पण ताकदीचा गुण दबका असेल तर प्रत्येक फेरीत तो झाकून राहतो. सगळी झाडं रोगाला बळी पडणारीच दिसतात. कोणाच्या पोटात गुण आहे हे कळायला एक हंगाम जास्तीचा घालवून, झाडाचं स्वतःचंच बी धरून, पुढची पिढी तपासावी लागते. म्हणजे सहा फेऱ्यांना बारा हंगाम. खूण हाताशी असली तर झाकलेला गुणही पानातून दिसतो. तो जादा हंगाम वाचतो. शिवाय त्याच फेरीत संकेश्वरीचा वंश जास्त आलेली रोपं निवडता येतात, आणि सहाऐवजी तीन-चार फेऱ्यांत काम भागू शकतं.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. बटाट्याचा 'वाय' नावाचा विषाणू मिरचीवरही येतो. त्याला दाद न देण्याचा मिरचीतला एक दबका जनुक फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी २००२ साली नेमका ओळखला. पानं गुंडाळणाऱ्या विषाणूच्या बाबतीत वाराणसीच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली एका संकरात असंच दाखवलं, की तिथे ताकदीचा गुण एकाच दबक्या जनुकाचा होता. सगळ्याच मिरच्यांत तसंच असेल असं नाही. पण जिथे गुण दबका आहे, तिथे संकरित वाणाच्या आई-बापांपैकी एकातच तो असून चालत नाही. दोघांतही हवा.

तिखटपणा आणि बीजोत्पादन

तिखटपणाची खूण तर मुळापासून समजलेली आहे. मिरचीचा तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्यात तयार होतो. तो तयार करणारा जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. ढोबळी मिरचीत या जनुकाचा सुमारे अडीच हजार अक्षरांचा तुकडा गळालेला असतो, म्हणून ती तिखट होत नाही. हे २००५ साली सिद्ध झालं. ढोबळी आणि तिखट मिरचीच्या संकरातलं कोणतं रोप तिखट निघेल, हे आता फळ चाखण्याआधीच पानावरून सांगता येतं.

बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटमध्ये मिरचीचं बीजोत्पादन करणारे शेतकरी आहेत. त्यांना 'क्रॉसिंग'ची मजुरी ठाऊक आहे. कळी उमलायच्या आत एकेका फुलातले नर केसर चिमटीने काढायचे आणि दुसऱ्या वाणाचा पराग लावायचा. हे केसर काढण्याचं काम वाचावं म्हणून नर वांझ असलेली मादी झाडं वापरतात. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने अशाच नर-वांझ वाणावरून सी.एच.-१ आणि सी.एच.-३ हे संकरित वाण काढले. पण त्यातही एक गोम आहे. अशा मादी वाणाच्या बियांतून निम्मी झाडं वांझ आणि निम्मी चांगल्या परागाची निघतात. फूल आल्यावर एकेक झाड तपासून ती निम्मी झाडं उपटावी लागतात. म्हणजे निम्म्या रोपांचं खत-पाणी वाया, आणि एखादं झाड नजरेतून सुटलं तर बियाण्यात भेसळ. या वांझपणाच्या जनुकाच्या जवळच्या खुणा शोधण्याचं काम झालं आहे. जवळची खूण मिळाली की ही छाटणी रोपवाटिकेतच करता येते.

हे बीटीसारखं बियाणं आहे का?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. उत्तर, नाही. बीटी कापसात एका जिवाणूचा जनुक बाहेरून घातलेला आहे. ते बियाणं आपल्याकडे २००२ साली आलं. खुणेवरून निवडलेल्या मिरचीत बाहेरून काहीही घातलेलं नसतं. मिरचीचा मिरचीशीच, परागाने, संकर होतो. खूण फक्त वाचली जाते. बाजारात जनावराचे दात बघून वय ओळखतात, त्याने जनावर बदलत नाही. तसंच हे. म्हणून या नावाने घाबरून जाऊ नका. आणि या नावाने दामदुप्पट पैसे मोजायचीही गरज नाही. खूण हे पैदासकाराचं हत्यार आहे. तुम्हाला हत्यार विकत घ्यायचं नाही, वाण घ्यायचं आहे.

खुणेने काय होत नाही?

एक. खूण एका रोगाची असते. विषाणूला दाद न देणारं वाण फुलकिड्यांना किंवा कोळ्यांना दाद देणार नाही असं नाही. आपण 'चुरडामुरडा' किंवा 'बोकड्या' एकाच नावाने म्हणतो, पण कारणं वेगळी. पानाच्या कडा वर वळून होडीसारखं पान झालं तर बहुधा फुलकिडे. पान खाली वळून उपड्या होडीसारखं दिसलं तर कोळी. पानं बारीक, सुरकुतलेली, पेरं आखूड आणि झाड झुडपासारखं झालं तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. २०२१ साली आंध्र प्रदेश आणि तेलंगणात नव्या जातीच्या फुलकिड्यांनी मिरचीच्या फुलांचा फडशा पाडला. तिथे विषाणूची ताकद काय कामाची?

दोन. रोगही बदलतो. तंबाखूच्या केवड्याच्या विषाणूला आणि त्याच्या भावकीतल्या विषाणूंना अडवणारं मिरचीत एक कुलूप आहे. त्याचे चार प्रकार पैदासकारांनी एकामागून एक वापरले. प्रत्येक कुलपाची किल्ली विषाणूच्या कोणत्या ना कोणत्या प्रकाराला सापडली. म्हणून वाण चांगलं असलं तरी स्वच्छता सोडायची नाही. रोपं लावताना, तोडणी करताना तंबाखू मळलेल्या हाताने झाडाला शिवू नका. हात साबणाने धुऊनच कामाला लागा.

तीन. काही गुण एका जनुकाचे नसतात. उत्पन्न, फळकुजीला तोंड देणं, पाण्याचा ताण सोसणं, यात अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. तिथे एक-दोन खुणांनी काम होत नाही.

मग आपण काय करावं?

बियाणं घेताना नुसतं 'रोगप्रतिकारक आहे का' असं विचारू नका. 'कोणत्या रोगाला' असं विचारा. रोगाचं नाव सांगता येत नसेल, तर त्या शब्दाला किंमत देऊ नका. पुडीवरची खूणचिठ्ठी वाचा. प्रमाणित बियाण्याची चिठ्ठी निळी असते, सत्यप्रत बियाण्याची हिरवी. मिरचीच्या बियाण्याची उगवण कमीत कमी ६० टक्के असावी लागते. पावती, चिठ्ठी, रिकामी पुडी आणि चिमूटभर बी हंगाम संपेपर्यंत जपून ठेवा. बियाणं दगा देतं असं वाटलं, तर पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. पीक मोडल्यावर पाहणार कोण?

नवं वाण पहिल्या वर्षी सगळ्या रानात लावू नका. चार-सहा ओळी नव्या, शेजारी ओळी आपल्या नेहमीच्या वाणाच्या. दोन्हींना खत-पाणी, फवारणी सारखीच. दर पंधरवड्याला रोगट झाडं मोजा आणि वहीत लिहा. तोडणीचं वजनही लिहा. ही वही तुम्हाला कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त खरं सांगेल.

रोपवाटिका बारीक छिद्रांच्या नायलॉन जाळीत करा, म्हणजे पांढरी माशी कोवळ्या रोपावर बसणार नाही. मिरचीच्या भोवती मक्याच्या दोन-तीन ओळी लावा. रोगट झाड दिसलं की उपटून नष्ट करा.

संकरित वाणाचं बी घरी धरू नका. पुढच्या पिढीत गुण फुटतात. सरळ वाणाचं बी मात्र जरूर धरा. मिरची स्वतःच्या परागाने फळते खरी, पण मधमाश्या दुसऱ्याचा परागही आणतात. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या मिरचीपासून २०० मीटर अंतर सांगितलेलं आहे. घरच्या बियाण्यासाठी एवढी जागा नसेल, तर दोन-चार निवडक झाडांना फुलायच्या आधी मच्छरदाणीच्या कापडाने झाका.

गावरान वाण जपा

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. खूण शोधता येते, पण गुण तयार करता येत नाही. तो कुठल्या तरी झाडात आधी असावाच लागतो. मेक्सिको देशात मोरेलोस नावाचा प्रांत आहे. तिथल्या शेतकऱ्यांची एक बारीक तिखट मिरची, तिचं नाव 'क्रिओल्लो दे मोरेलोस ३३४'. क्रिओल्लो म्हणजे तिकडचं गावरान. ओलीत मुळं कुजवून झाड वाळवणाऱ्या रोगाला ही मिरची जबर तोंड देते. आज जगभरचे पैदासकार त्या रोगासाठी तिच्याकडे धाव घेतात. २०१४ साली कोरियाच्या शास्त्रज्ञांनी मिरचीची पोथी वाचली ती याच गावरान मिरचीची. मोरेलोसच्या शेतकऱ्यांनी ती कमी उत्पन्नाची म्हणून टाकून दिली असती, तर आज कितीही खुणा शोधून तो गुण मिळाला नसता.

आपल्याकडेही भिवापुरी आहे, संकेश्वरी आहे, लवंगी आहे, गोव्यात खोलची मिरची आहे. गावोगाव बिननावाच्या मिरच्या परसात उभ्या आहेत. नवं संकरित वाण खुशाल लावा. पण बांधाला, परसात गावरान मिरचीची वीस-पंचवीस झाडं दरवर्षी ठेवा आणि बी धरा. रोगाच्या साथीतही हिरवं राहणारं झाड दिसलं तर त्याला दोरा बांधा, बी वेगळं ठेवा, आणि कृषी विज्ञान केंद्राला कळवा. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं केंद्र अकोल्यात आहे. असं बी जतन करण्याचं काम ते करतं. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या वाणाची स्वतःच्या नावाने नोंदणी करण्याचा हक्कही दिला आहे.

तर मंडळी, आजचं सार थोडक्यात असं.

१. मार्कर म्हणजे गुणाजवळची खूण. तिने निवड लवकर आणि अचूक होते. ती वाचल्याने झाड बदलत नाही.
२. बियाणं घेताना रोगाचं नाव विचारा, चिठ्ठी वाचा, पावती जपा.
३. नवं वाण आधी चार ओळींत लावून पाहा, नोंद ठेवा.
४. वाण कितीही चांगलं असलं तरी जाळी, मक्याच्या ओळी आणि स्वच्छ हात सोडू नका.
५. गावरान मिरचीचं बी घरात राहू द्या.

पानातली खूण प्रयोगशाळेत वाचतात. वाणाची खात्री मात्र आपल्या रानात, आपल्या डोळ्यांनीच करायची असते. येत्या हंगामात चार ओळी जरूर लावून बघा.